लेकराला घेऊन गुलमंडीला

बाळंतपणानंतर आपल्याकडची बाई घराबाहेर पडते ती ठरलेल्या कामांसाठी. डोस द्यायला दवाखान्यात, माहेराहून सासरी, कुणाच्या बारशाला. फिरायला म्हणून तिला कुणी नेत नाही आणि तीही मागत नाही. ‘लेकरू लहान आहे, आता कुठं जायचं?’ एवढं बोललं की विषय संपतो आणि बघता बघता दीड-दोन वर्षं निघून जातात. शहागड आणि गोदाकाठच्या आजूबाजूच्या गावांतल्या अशा घरांसाठी हा लेख आहे. शहागडहून धुळे-सोलापूर महामार्गानं वडीगोद्री, पाचोड, आडूळ करत साधारण 70 किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर आहे. सकाळी निघून रात्रीच्या जेवणापर्यंत घरी येता येतं. बाळाला घेऊन त्या शहराच्या जुन्या भागात एक दिवस नीट कसा काढायचा, ते इथं सांगते.

सगळ्यात आधी घरात एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्या. ही सहल बाळाची नाही, बाळाच्या आईची आहे. चार महिन्यांच्या जिवाला पाणचक्की काय आणि गुलमंडीचा बाजार काय, सारखंच. त्याला दूध, झोप आणि आईची ऊब मिळाली की झालं. पण चार महिने एका खोलीत, एका कुशीवर काढलेल्या बाईला माणसांची वर्दळ, रंगीत दुकानं आणि कुणीतरी आयतं आणून दिलेला गरम चहा यांची किती गरज असते, हे तिला विचारल्याशिवाय कळत नाही. एकदा हे मान्य झालं की कामाची वाटणी आपोआप ठरते. पिशवी बाळाच्या वडिलांच्या खांद्यावर. लंगोट बदलणं वडिलांकडे किंवा आजीकडे. दूध पाजणं तेवढं आईचं, बाकी वेळ तिचे हात मोकळे. ही वाटणी होणार नसेल तर सहल पुढं ढकला. नाहीतर तिचं घरातलंच काम 70 किलोमीटर लांब नेऊन करायला लावल्यासारखं होईल.

बाळ किती मोठं हवं? मान सावरायला लागलेलं असावं आणि दीड, अडीच व साडेतीन महिन्यांचे डोस झालेले असावेत. म्हणजे चार महिन्यांच्या पुढं. डोस दिल्यावर लगेचच्या दोन दिवसांत निघू नका, ताप येऊ शकतो. ऋतू म्हणाल तर दिवाळी उलटल्यापासून फेब्रुवारीपर्यंत. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात तान्ह्या बाळाला दिवसभर बाहेर ठेवण्याचा विचारही करू नये. पावसाळ्यात शहर सुंदर दिसतं, पण जुन्या गल्ल्यांतून पाणी आणि चिखल तुडवत बाळ सांभाळणं जिकिरीचं होतं. नवरात्रात बसस्थानकाच्या बाजूला कर्णपुऱ्याची यात्रा भरते, त्या दिवसांत त्या भागात पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीच्या आधीचा आठवडाही टाळा. मधला साधा वार धरा, सुट्टीचा नको.

आता जायचं कसं? एसटी हा चांगला पर्याय आहे आणि स्वस्तही. मार्च 2023 पासून सगळ्या महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणजे आई आणि आजी दोघी निम्म्यात. 75 वर्षं पूर्ण झालेल्या आजोबांना तिकीट नाही, फक्त वयाचा पुरावा जवळ ठेवायचा. पाच वर्षांखालच्या मुलांचंही तिकीट लागत नाही. बीडकडून येणाऱ्या बसला गर्दी असते, म्हणून सकाळची लवकरची गाडी धरा आणि जागा बघून चढा. मागच्या चाकावरची आणि शेवटची बाकं घेऊ नका, तिथं बसणारे हादरे मोठ्यांनाही सोसत नाहीत. मधली जागा घ्या, आईला खिडकीशी बसवा, काच थोडीच उघडा आणि बाळाचे कान टोपड्यानं झाका. चढायच्या अगदी आधी पोटभर पाजू नका. अर्धा तास आधी पाजून, खांद्यावर घेऊन ढेकर काढून मग बसा. बस लागली तर बाळ पाजलेलं सगळं अंगावर काढतं.

स्वतःची गाडी असेल तर बाळासाठी वेगळी बेबी सीट मागच्या बाकावर, मागं तोंड करून बांधा. समोरच्या सीटवर आईच्या मांडीवर बाळ बसवणं ही आपल्याकडची रोजची पद्धत, आणि ती अतिशय धोक्याची आहे. जोरात ब्रेक लागला तर कुठल्याही आईचे हात बाळाला धरून ठेवू शकत नाहीत आणि एअरबॅग उघडली तर ती थेट बाळावर आदळते. मोटारसायकलवर तर निघूच नका. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला पट्ट्यानं चालकाशी बांधावं, नऊ महिन्यांपासून पुढं हेल्मेट घालावं आणि वेग ताशी 40 च्या आत ठेवावा, असा केंद्राचा नियम आहे. महामार्गावर ट्रकच्या रांगेत 40 नं चालणं काय असतं, ते त्या रस्त्यानं जाणाऱ्याला सांगायला नको.

पिशवी एकच, पण भरलेली. लंगोट किंवा डायपर दर दोन तासांना एक या हिशेबानं आणि वर दोन जास्तीचे. कपड्यांचे दोन जोड बाळाचे आणि एक वरचा जोड आईचा, हा शेवटचा सगळे विसरतात. दोन सुती दुपटी, एक अंथरायला आणि एक पांघरायला. एक मऊ ओढणी, मऊ कापडाचे तुकडे, पाण्याची मोठी बाटली, वापरलेल्या डायपरसाठी जुनी वर्तमानपत्रं आणि गाठ मारायच्या पिशव्या. लसीकरणाचं कार्ड किंवा त्याचा मोबाइलमधला फोटो. थर्मामीटर. ओआरएसचं एक पाकीट, लागलं तर डॉक्टरांना विचारून द्यायला. बस्स. खुळखुळे, खेळणी, तीन-तीन स्वेटर घरी ठेवा.

दुधाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण प्रवासात चुका इथंच होतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचं दूध पुरतं. ऊन असलं, घसा सुकल्यासारखा वाटला, तरी वरून पाणी देऊ नका. त्याऐवजी आईला जास्त पाणी द्या आणि बाळाला जास्त वेळा पाजा. बाळाला वरचं पावडरचं दूध चालू असेल तर ते घरून बाटलीत कालवून नेऊ नका. थर्मासमध्ये उकळलेलं पाणी आणि डबीत मोजून घेतलेली पावडर न्या आणि ऐनवेळी तयार करा. पाणी गरम असतानाच पावडर कालवायची, मग बाटली थंड पाण्याखाली धरून कोमट करायची. तयार केलेलं दूध दोन तासांच्या आत संपवा, बाळानं तोंड लावून उरवलेलं फेकून द्या. सहा महिन्यांच्या पुढचं बाळ असेल तर मुगाची पातळ खिचडी किंवा मऊ वरणभात घरून डब्यात न्या, सकाळी ताजा केलेला, आणि पहिल्या जेवणालाच संपवा. दुपारी पिकलेलं केळं कुस्करून द्या, ते सालीत असतं म्हणून प्रवासात सगळ्यात भरवशाचं. वर्षाच्या आत मध चाटवू नका, कुणी प्रेमानं बोट पुढं केलं तरी.

संभाजीनगरला मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलात की घाई करू नका. मोठ्या बसस्थानकांवर एसटीचा हिरकणी कक्ष असतो, आईला बाळाला पाजता यावं म्हणून केलेली खोली. कुलूप दिसलं तर परत फिरू नका, चौकशी खिडकीवर जाऊन किल्ली मागा, ठामपणे मागा. तिथं बाळाला पाजून, लंगोट बदलून मग बाहेर पडा. रिक्षा स्पेशल करा, भाडं आधी ठरवा आणि आईला आत मधोमध बसवा. शेअर रिक्षात चौथा-पाचवा माणूस कोंबला की बाळाचा पाय कुणाच्या तरी पिशवीखाली जातो.

पहिला मुक्काम पाणचक्की. बसस्थानकापासून जवळ, आणि सकाळी तिथं निवांत असतं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात 1744 च्या सुमाराला ही चक्की उभी राहिली. हर्सूलच्या बाजूनं जमिनीखालून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी उंच भिंतीवरून हौदात कोसळतं आणि त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं. दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी पीठ दळलं जायचं. शहराला असं नळानं पाणी आणण्याची सुरुवात मलिक अंबरनं केली, ज्यानं 1610 मध्ये खडकी या गावाच्या जागी हे शहर वसवलं. आजी सोबत असेल तर तिला ही गोष्ट जरूर सांगा. पहाटे उठून जात्यावर बसलेल्या बाईला पाण्यावर फिरणाऱ्या जात्याचं मोल आपल्यापेक्षा जास्त कळतं.

बाळासाठी पाणचक्कीत दोन गोष्टी आहेत, पाण्याचा एकसुरी आवाज आणि जुन्या वडाची सावली. रडकं बाळही पडणाऱ्या पाण्याकडे टक लावून बघत शांत होतं. वडाखाली दुपटं अंथरा, त्याला पाठीवर मोकळं झोपवा, हातपाय हलवू द्या. हौदाच्या कडेला मात्र बाळ घेऊन वाकू नका, मासे दाखवायचे असले तरी. फोटोसाठी तर नाहीच. तासभर इथं काढा, त्याहून जास्त नको.

पाणचक्कीला लागूनच महमूद दरवाजा आहे आणि थोडं पुढं भडकल दरवाजा, मलिक अंबरनं 1612 मध्ये बांधलेला. दरवाजांचं शहर म्हणून ही वस्ती ओळखली जाते, पण बाळ घेऊन एक एक दरवाजा बघत बसू नका. रिक्षातून जाता जाता बघा. या भागाची वाहतूक बेशिस्त आहे आणि धूर कमानीखाली साचतो.

आणि मग गुलमंडी.

गुलमंडी, पैठण गेट, औरंगपुरा, सराफा, सिटी चौक हा सगळा जुना बाजार एकाला एक चिकटून आहे. इथं बाबागाडी नेऊ नका. फूटपाथ बहुतेक ठिकाणी दुकानांनी खाल्लेला आहे, चाक गटारीच्या जाळीत अडकतं आणि बाळ नेमकं गाड्यांच्या धुराच्या उंचीवर येतं. बाळ अंगावर बांधायचा कॅरिअर असेल तर उत्तम. बांधताना तीन गोष्टी पाहा. बाळाचं तोंड तुम्हाला वरून दिसलं पाहिजे. हनुवटी छातीवर टेकलेली नको, दोन बोटं बसतील एवढी जागा हवी. आणि गुडघे कमरेपेक्षा थोडे वर, बेडकासारखे पाय फाकलेले असावेत, म्हणजे खुब्यांवर ताण येत नाही. कॅरिअर वडिलांनी बांधावा. आईचे हात आणि डोळे बाजारासाठी ठेवा.

पैठण गेटकडून टिळक पथानं गुलमंडीकडे एकाच बाजूनं चालत जा. रस्ता सारखा ओलांडू नका. दुकानं साधारण अकराच्या पुढं नीट उघडतात, साडेबारापर्यंत गर्दी बेताची असते. तेवढा दीड तास आईचा. तिला काय घ्यायचं ते घेऊ द्या, काही घ्यायचं नसेल तर नुसतं बघू द्या. सुपारी हनुमानाचं दर्शन वाटेत होतं. राजाबाजारातला संस्थान गणपती शहराचं ग्रामदैवत, आजीची इच्छा असेल तर तिथं तेवढी रिक्षा करा. गुलमंडीच्या बाजूची इमरती नावाजलेली आहे, तिथंच गरम खा. बाळंतिणीला हे चालत नाही, ते बाधतं, अशा पथ्यांची यादी आजीकडे मोठी असते. एका इमरतीनं बाळाला काही होत नाही. पोटभर जेवलेली, पुरेसं पाणी प्यालेली आई हेच बाळाचं खरं पथ्य.

बाजारात बाळाला पाजायचं कुठं, हा प्रश्न सगळ्यात जास्त आयांना अडवतो. उत्तर सोपं आहे, साडीच्या दुकानात. तिथं बसायला गादी असते, सावली असते, पंखा असतो आणि आतल्या बाजूला कोपरा असतो. गुलमंडीवरच्या एका दुकानात पाहिलेलं सांगते. बाळ रडायला लागलं तशी आई संकोचून उठायला लागली. साड्या दाखवणाऱ्या बाईंनी तिला खांद्याला धरून आतल्या गादीवर बसवलं, हातातली उलगडलेली मोरपंखी साडी तशीच दोन्ही हातांनी आडवी धरून तिच्यापुढं उभ्या राहिल्या आणि गिऱ्हाइकांशी भावाचं बोलणं चालूच ठेवलं. बाळ पिऊन झोपेपर्यंत साडी खाली आली नाही. अशी बाई प्रत्येक दुकानात भेटेल असं नाही, पण विचारलं तर नाही म्हणणारा दुकानदार क्वचितच असतो. ‘लेकराला पाजायचंय, जरा बसू का?’ एवढं विचारायचं. लाजायचं कारण नाही. आणि सोबतच्या पुरुषांनी अशा वेळी दाराकडे तोंड करून उभं राहावं, आईला ‘आवर लवकर’ म्हणू नये.

अनोळखी माणसं बाळाच्या गालाला हात लावतात, मुका घ्यायला पुढं येतात. प्रेमानंच येतात, तरी थांबवा. ‘डॉक्टरांनी सांगितलंय, सर्दी लगेच होते’ एवढं म्हटलं की कुणाला राग येत नाही. काजळाची तीट लावायची तर गालावर किंवा पावलाला लावा, डोळ्यांत काजळ घालू नका.

दुपारी एक ते तीन हा वेळ शहराचा नाही, बाळाच्या झोपेचा आहे. आपल्या भागातल्या बहुतेकांचे पाहुणे सिडकोत, मुकुंदवाडीत, गारखेड्यात कुठंतरी असतात. त्यांच्याकडे जायचं तर आदल्या दिवशीच फोन करून सांगा की जेवायला नाही, बाळाला दोन तास निजवायला येतो. नाहीतर पुरणाचा घाट घातला जातो, शेजारपाजारचे बाळ बघायला जमतात, हातोहाती फिरून बाळ किरकिरं होतं आणि उरलेला दिवस हातचा जातो. पाहुणे नसतील तर बसस्थानकाशेजारचं सिद्धार्थ उद्यान आहे. झाडाखाली चटई टाका, आळीपाळीनं पडा. आईचा पहिला नंबर.

दोन तासांनी बाळ ताजंतवानं उठलं तर बीबी का मकबरा. किरकिर करत असेल, अंग कोमट लागत असेल, तर सरळ परतीची बस धरा. मकबऱ्याची बाग आणि पाण्याच्या हौदामधली लांब वाट उघडी आहे, म्हणून साडेतीनच्या आधी नको. 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. इथं वाट सपाट आहे, बाबागाडी आणलीच असेल तर चालते, पण वरच्या चौथऱ्यावर चढायला पायऱ्या आहेत. एकानं खाली बाळाजवळ थांबायचं, बाकीच्यांनी वर जाऊन यायचं, मग अदलाबदल.

ही वास्तू औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची कबर आहे. 1657 च्या सप्टेंबरात तिनं मुलाला जन्म दिला आणि महिन्याभरातच ती गेली. तो मुलगा म्हणजे शाहजादा अकबर, जो पुढं बापाविरुद्ध बंड करून छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. मोठा मुलगा आझमशाह यानं आईसाठी हे बांधकाम करवलं असं सांगतात, पण तेव्हा तो लहान होता; दारावर 1661 साल आहे. वरच्या कट्ट्यावरून खाली वाकून पाहिलं की संगमरवरी जाळीच्या आत साधी कबर दिसते. बादशहाच्या घरची बाई, हाताशी हकीम आणि दासी, तरी बाळंतपणानंतरच्या महिन्यानं तिचा जीव घेतला. म्हणून इथं आलेल्या प्रत्येक घराला सांगावंसं वाटतं की बाळाच्या तापाकडे बघता तसंच आईच्या तापाकडे बघा. थंडी वाजून ताप, अंगावरून दुर्गंधीचं किंवा जास्त जाणं, स्तनात गाठ येऊन दुखणं, सारखं रडू येणं, यांतलं काहीही असेल तर सहल बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.

दिवसभरात बाळाकडे लक्ष कशावर ठेवायचं? लघवीवर. चार-पाच तासांत लंगोट ओला झाला नाही, तोंड कोरडं पडलं, टाळू आत गेल्यासारखी दिसली, बाळ मलूल पडलं, तर ते पाणी कमी पडल्याचं लक्षण आहे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप म्हणजे वाट न बघता डॉक्टर. मोठ्या बाळालाही ताप आणि मलूलपणा एकत्र दिसला तर थांबू नका. पाणचक्कीजवळच घाटी रुग्णालय आहे, शासकीय, रात्रंदिवस चालू. रुग्णवाहिकेसाठी 108.

परतीला पाचच्या आत मध्यवर्ती बसस्थानकावर या. हिवाळ्यात सहाला अंधारायला लागतं आणि नोकरदारांची गर्दी साडेपाचनंतर वाढते. बीड, गेवराईकडं जाणाऱ्या गाडीत बसण्याआधी ती शहागडला कुठं थांबणार, गावात की महामार्गावर, ते वाहकाला विचारून घ्या. अंधारात महामार्गाच्या कडेला बाळ घेऊन उभं राहावं लागू नये म्हणून घरच्या कुणाला तरी आधीच फोन करून न्यायला बोलवा. बाळाला कुंची घाला, पाय झाका. घरी आल्यावर कोमट पाण्यानं अंग पुसा, रात्री अंघोळीचा घाट घालू नका. दुसऱ्या दिवशी बाळ जास्त झोपेल किंवा जास्त पिईल, दोन्ही ठीक. आईलाही त्या दिवशी चुलीपासून सुट्टी द्या.

एवढा लांबचा दिवस झेपणार नाही असं वाटत असेल तर आधी पैठण करून बघा. पाचोडवरून जाता येतं, अंतर कमी आहे आणि धावपळही. गावातला संत एकनाथांचा वाडा, गोदावरीकाठचं समाधी मंदिर आणि पैठणी विणणारे माग, एवढं अर्ध्या दिवसात आरामात होतं. मागावर जरीचा मोर एक एक धागा करून कसा भरतात, ते आईला शांतपणे बघू द्या, बाळ तेवढ्यात वडिलांकडे. फाल्गुनात नाथषष्ठीच्या दिवसांत मात्र पैठणला लाखोंनी वारकरी येतात, तेव्हा तान्ह्या बाळाला तिथं नेऊ नका. आणि नदीच्या घाटावर उतरताना पायऱ्या शेवाळलेल्या असतात, बाळ ज्याच्याकडे असेल त्यानं वरच थांबावं.